चिल्ल्यानंतरची तपासणी

घरात बाळ आले की सारे घर त्याच्याभोवती फिरू लागते. कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठेवले जाते. चाळीस दिवसांनी बाळंतिणीचे चिल्ल्याचे न्हाण होते आणि ती पुन्हा घरकामाला लागते. या गडबडीत आपल्याकडून एक गोष्ट राहून जाते. गरोदरपणात जिच्या साखरेची आपण एवढी काळजी केली, त्या आईची साखर पुन्हा कोणी तपासत नाही. दवाखान्याची फाइल कपाटात जाते आणि बाळंतपणाबरोबर साखरही गेली, असे आपण समजतो.

साखर उतरते हे खरे आहे. गरोदरपणात वारेतून निघणाऱ्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ज्या आईचे शरीर जास्तीचे इन्सुलिन तयार करू शकत नाही, तिची साखर वाढते. वार पडली की बहुतेकींची साखर पूर्ववत होते. पण शरीरातील ती कमजोरी राहतेच. अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा निदान सात पट असतो.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीची ही तपासणी दोनदा व्हायला हवी : पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक आली तर उपचार सुरू होतात. याच सूचनांत आणखी एक तपासणी सांगितली आहे, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी. नेमकी हीच आपण विसरतो.

खरे तर ती लक्षात ठेवणे आपल्याला सोपे आहे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, चिल्ला ४० दिवसांचा. बाळाची दीड महिन्याची लसही याच सुमारास असते. बाळाला लस द्यायला न्याल, तेव्हा आईच्या तपासणीचेही तिथेच विचारा. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक आली तर तो मधुमेह समजतात. दोन तासांची साखर १४० ते १९९ असेल तर ती धोक्याची सूचना. सारे ठीक आले तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

ज्या भगिनींना गरोदरपणाआधीच मधुमेह होता, त्यांनी बाळंतपणानंतर औषध किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. प्रमाण बहुधा कमी करावे लागते, पण ते डॉक्टर ठरवतील. डोळे आणि मूत्रपिंड यांचीही दरवर्षी तपासणी हवी.

सासूबाई आणि अम्मी मायेने हरीरा, डिंकाचे लाडू करतात. ती माया राहू द्या. गूळ-साखर मात्र कमी करा. त्याऐवजी अंडी, मासळी, डाळ, पालेभाजी आणि भाकरी वाढा. बाळाला अंगावर पाजणे आईच्याही हिताचे आहे, त्याने तिचा पुढचा मधुमेहाचा धोका कमी होतो. कुरआनने दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. इन्सुलिन घेत असतानाही बाळाला निर्धास्त पाजता येते.

रमजानमध्ये आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही सवलत दिली आहे. राहिलेल्या रोज्यांविषयी आलिमांना विचारावे. साखरेविषयी मात्र रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारावे.

आणि घरच्या पुरुषांना एक विनंती. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी पत्नीची साखर तपासून घ्या. बाळाचे हृदय आणि मेंदू पहिल्या काही आठवड्यांतच घडू लागतात. तेव्हा दिवस गेल्याचे अनेकदा आईलाही ठाऊक नसते. त्या वेळी साखर वाढलेली असेल तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो.

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते. तिच्याशेजारी आजच आईच्या तपासणीची तारीखही लिहून ठेवा आणि त्या दिवशी तिच्यासोबत जा.