विश्लेषण : कामासाठी स्वतःची गाडी वापरता? पेट्रोलचा खर्च करातून वजा होतो का?

रोज सकाळी माजिवड्याच्या नाक्यावरून हजारो खासगी गाड्या मुंबई, घोडबंदर आणि नाशिक महामार्गाकडे वळतात. कोणी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जातो, कोणी भिवंडीच्या गोदामात, कोणी अशिलाला भेटायला. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, पण काम ऑफिसचे किंवा धंद्याचे. मग हा खर्च प्राप्तिकरातून वजा करता येतो का? याचे उत्तर तुमचे उत्पन्न पगाराचे आहे की व्यवसायाचे, यावर ठरते.

नोकरदारांना वजावट मिळते का?

घर ते ऑफिस प्रवासाच्या पेट्रोलची वेगळी वजावट नोकरदाराला मिळत नाही. पूर्वी वाहतूक भत्त्यापैकी महिना १,६०० रुपये करमुक्त असत. २०१८-१९ पासून ही सवलत बंद होऊन स्टँडर्ड डिडक्शन आले. सध्या ते जुन्या करप्रणालीत ५० हजार, तर नव्या करप्रणालीत ७५ हजार रुपये आहे.

कंपनी पेट्रोलचे पैसे देत असेल तर?

गाडी तुमची आणि खर्च कंपनी भरून देत असेल, तर गाडी कशासाठी फिरली हे पाहिले जाते. ती फक्त कंपनीच्या कामासाठी फिरली असेल, तर त्या रकमेवर कर लागत नाही. मात्र प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर व खर्च यांची नोंद आणि कंपनीचे प्रमाणपत्र हवे. वापर घरचा आणि कामाचा असा दोन्ही असेल, तर २०२५-२६ च्या हिशेबात १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिना १,८०० आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये वगळले जातात. चालक असल्यास आणखी ९०० रुपये. उरलेली रक्कम पगारात धरली जाते.

डॉक्टर, वकील, व्यापारी यांचे काय?

व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना इंधन, सर्व्हिसिंग, विमा, कर्जावरील व्याज आणि गाडीचा घसारा वजा करता येतो, पण कामापुरत्या वापराच्या प्रमाणातच. कलम ३८(२) नुसार हे योग्य प्रमाण ठरवण्याचा अधिकार मूल्यांकन अधिकाऱ्याला आहे. पेट्रोल-डिझेल कारवर घसाऱ्याचा दर १५ टक्के आहे. पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर तो निम्मा होतो.

किती कर वाचू शकतो?

समजा, माजिवड्यातील एका आर्किटेक्टची नवी गाडी ८ लाखांची आहे. वर्षात ती १२,००० किलोमीटर धावली, त्यातील ७,२०० किलोमीटर साइट भेटींसाठी. म्हणजे कामाचा वापर ६० टक्के.

- पेट्रोल ८४,०००, विमा २२,०००, सर्व्हिसिंग १४,००० : एकूण १,२०,००० रुपये
- पूर्ण वर्षाचा घसारा : १,२०,००० रुपये
- २,४०,००० रुपयांच्या ६० टक्के वजावट : १,४४,००० रुपये

उत्पन्नाचा हा भाग २० टक्क्यांच्या टप्प्यात येत असेल, तर सेससह सुमारे २९,९५० रुपये कर वाचतो.

पण '४४ एडीए' निवडले असेल तर?

अनेकांचा गोंधळ इथेच होतो. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या या कलमात एकूण जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न धरली जाते. उरलेल्या रकमेत गाडीसह सगळा खर्च आला, असेच कायदा मानतो. त्यामुळे पेट्रोल किंवा घसारा वेगळा दाखवता येत नाही. व्यापाऱ्यांसाठीच्या '४४ एडी'लाही हेच लागू. जमा १८ लाख आणि गाडीसह खरा खर्च ७ लाख असेल, तर '४४ एडीए'च फायद्याचे, कारण तिथे ९ लाख आपोआप वगळले जातात.

कोणते पुरावे ठेवावेत?

- मोबाइलमधील एक्सेल शीटही चालेल, पण प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, कारण आणि किलोमीटर त्याच दिवशी लिहा.
- पेट्रोल, सर्व्हिसिंगचे पैसे यूपीआय किंवा कार्डने द्या. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च सहसा मान्य होत नाही.
- फास्टॅगचे स्टेटमेंट जपा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी आहे. त्यामुळे मुंबईच्या फेऱ्यांसाठी तुमची स्वतःची नोंदच महत्त्वाची.

खोटा आकडा टाकला तर?

पुराव्याविना दाखवलेला खर्च कलम २७०ए नुसार चुकीची माहिती ठरू शकतो. त्यावर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. घरात एकच गाडी असताना १०० टक्के वापर कामाचा दाखवला, तर प्रश्न विचारला जाणारच.

नव्या कायद्याने काय बदलले?

प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. मात्र २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचे आहे. पुढच्या वर्षाच्या किलोमीटरची नोंद मात्र मार्चमध्ये आठवून लिहिता येणार नाही, ती आतापासूनच सुरू करायला हवी.