दुचाकीने दीक्षाभूमीला जाताना

संभाजीनगरहून अशोक विजयादशमीला दुचाकीने नागपूरला निघणाऱ्यांनो, समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. आपला रस्ता जुनाच: जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा. जवळपास 500 किलोमीटर. एका दमात जाऊ नका. वाटेतल्या ओळखीच्या विहारात मुक्काम ठरवा. पुढे रस्ता कुठे खोदलाय, रात्री गुरे कुठे बसतात, हे तिथल्याच माणसांना विचारा. प्रथमोपचाराच्या टेबलावर आम्ही ज्यांचे गुडघे बांधतो, ते बहुतेक रात्रभर जागून गाडी चालवलेले असतात.

मागे बसणाऱ्या ताईलाही हेल्मेट हवेच. आणि आमच्या भगिनी वाटेत लघवीची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत! मग जळजळ, ताप. भाऊ, दर दीड तासाला पेट्रोल पंपावर गाडी थांबवा. तिने सांगायची वाट पाहू नका.