बिस्किट चालते, भाजी का नाही?

अक्कलकोटच्या श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळात १९८८ पासून भाविकांना महाप्रसाद मिळतो. शेकडो माणसांचा गलबला, भांड्यांचा खणखणाट, आमटीचा वास... बहुतेकांची भूक यात खवळते. स्वमग्न मुलाची मात्र अशा ठिकाणी भूकच मरू शकते. आमटीचा ओघळ भाजीला लागला की ताट दूर लोटले जाते आणि शेजारून शेरा येतो, 'फार लाडावून ठेवलंय.'

हा लाडाचा प्रश्न नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले, त्यातही अनेक मुलांच्या खाण्याच्या तक्रारी आहेत. वजनाची चिंता नसताना अन्न टाळण्याच्या विकाराला अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात २०१३ मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. अशा मुलांना वास, रंग, बुळबुळीतपणा, दाताखालचा आवाज हे सारे अतिशय तीव्रतेने जाणवते. भाजी रोज वेगळी लागते. पुड्यातले बिस्किट कालच्यासारखेच असते. म्हणून ते भरवशाचे! पुड्याचा रंग बदलला तरी काही मुले ते नाकारतात.

वजन ठीक दिसले तरी आतून उणीव असू शकते. फळे-भाज्या पूर्ण वगळलेल्या स्वमग्न मुलांना 'क' जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. हिरड्यांतून रक्त, पाय दुखून चालणे टाळणे ही त्याची लक्षणे. नुसत्या दुधावर राहणाऱ्यांत लोह घटते. अतिचंचलतेवरील काही औषधांनी भूक मंदावते; तिथे गोळीआधी पोटभर न्याहारी उपयोगी पडते.

'भूक लागली की खाईल' हे इथे नेहमी खरे ठरत नाही. आवडीच्या पदार्थात भाजी लपवली आणि ते कळले, तर तोही पदार्थ सुटतो. कुरकुरीत आवडणाऱ्याला मऊ पोळीपेक्षा सोलापूरची कडक भाकरी जवळची वाटू शकते. शेजारी वेगळ्या वाटीत चिमूटभर शेंगाचटणी ठेवावी. हुंगली, बोट लावले तरी पुरे. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो.

गहू-दूध बंद करण्याच्या सल्ल्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. पाचच पदार्थ खाणाऱ्याचे दोन काढून घ्यायचे, हा हिशेब तसाही उफराटाच.

वजन घटले, घास अडकू लागला किंवा पदार्थ एकेक करून गळू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडी व शाळेत तपासणीला येते, तेव्हा उंची-वजनाबरोबर मूल नेमके काय खाते याची यादीही त्यांच्या हाती द्यावी.