दहावी पाकळी

चोवीस डिसेंबर, संध्याकाळचे सात. आश्रमातली सहाची प्रार्थना आटोपून मी खोलीवर येते, तर ओसरीवर मैद्याची खळ शिजते आहे. आईच्या उपचारासाठी महिनाभर सेवाग्रामात खोली घेतली आहे. घरमालक भाऊ सेवाग्राम-वर्धा शेअर ऑटो चालवतात. घर ख्रिस्ती आहे.

"बसा न ताई. चांदणी धराले एक हात कमीच पडून राह्यला," वहिनी म्हणतात.

मी चपला काढून बसते. अंगणातल्या मोडक्या तट्ट्यातून पोराने कामट्या सोडवून घेतल्या आहेत. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. त्या एकमेकींवर ठेवून टोकं दोऱ्याने करकचून बांधायची आणि आतल्या पाच सांध्यांत चार-चार बोटांच्या काड्या अडकवायच्या. शेवटची काडी बसते आणि चपटी चांदणी पोट फुगवून उभी राहते. पोरगा अंगठ्यातली कूस दातांनी उपटतो, थुंकतो, पुन्हा कामाला लागतो. बाजारात तयार चांदणी अडीचशेला आहे. त्याने किंमत विचारून घेतली होती, मागितली मात्र नाही.

चुलीशेजारी वहीचं पान पडलंय. वर लिहिलंय, 'नाताळ १५००'. खाली अर्पण ५१, फ्रॉक ३५०, मग मैदा, रवा, साखर, तेल, चिकन एक किलो. 'केक' या शब्दावर आडवी रेघ. अर्पणाला मात्र पहिली ओळ. करंज्यांच्या सारणात खोबरं नावालाच आहे, बाकी खमंग भाजलेला रवा. शेजारणीने शेतातल्या तुरीच्या शेंगा पाठवल्यात. धाकटी त्या सोलते आहे, दोन वाटीत आणि एक तोंडात. आज रात्री सोलेभात, चिकन उद्या.

इथून आश्रम चालत दहा मिनिटांवर. १९३६ साली बापू या गावात राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आपल्या घरावर शंभर रुपयांच्या वर खर्च नको, लागेल ते सामान आणि मजूर इथलेच घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. मी हे सांगते तेव्हा वहिनींचं लाटणं थांबतं.

"तवा शंभर म्हंजे किती जी? आताचे?"

मला हिशेब येत नाही. बापूंच्या त्या घरात, आदिनिवासात, उभं राहून मीही 'काय साधेपणा!' म्हणून आले आहे. या ओसरीवर तो शब्द तोंडातून निघत नाही. बापूंनी गरिबी निवडली होती. वहिनींनी फक्त केकवर रेघ मारली.

पोराला मी दुसरी गोष्ट सांगते. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रह चालू असताना बापूंनी नाताळात तो काही दिवस थांबवला होता. त्याच वर्षी आजच्याच तारखेला, वर्ध्याहूनच, त्यांनी हिटलरला युद्ध थांबवायची विनंती करणारं पत्र लिहिलं.

"मंग? थांबवलं त्यानं?"

"पत्र सरकारने जाऊच दिलं नाही."

"हॅट्!" म्हणून पोरगा खळीत बोट बुडवतो.

कागद कमी पडतो. दोन्ही बाजू धरून पाकळ्या दहा, लाल पतंगी कागद नवांनाच पुरला. मला उगाच वर्ध्याची मगनवाडी आठवते. बापूंचे सहकारी कुमारप्पा यांनी तिथे ग्रामोद्योगाचा संसार मांडला, हातकागदही करवला. ते स्वतः ख्रिस्ती, आणि जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. पण मगनवाडी आता माझ्या काय कामाची? पोरगा उठतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयमधून नोव्हेंबरचं पान फाडतो.

"अरे, दुधाचा हिशेब हाये त्याच्यावर!"

"दिले न पैसे मागच्या महिन्यात."

पान चिकटतं. नऊ वॅटचा बल्ब आत जातो. चांदणी लागते तेव्हा नऊ पाकळ्या लाल पेटतात आणि दहावीत नोव्हेंबरचे आकडे, संकष्टी आणि 'दूध नाही' असं पेनने लिहिलेलं उलटं उमटतं. धाकटी टाळ्या पिटते.

नऊ वाजता ऑटो दारात. वर्ध्याला रात्रीची उपासना आहे. मलाही चला म्हणतात. नवा फ्रॉक स्वेटरखाली झाकलाय, म्हणून धाकटी फुरंगटून बसली आहे. फाट्यावर बॅगा घेतलेले दोघे हात करतात. भाऊ मागे वळून वहिनींकडे बघतात. वहिनी पोराला मांडीवर ओढतात, मी धाकटीला घेते, पोरीचे गार पाय माझ्या शालीत. एक जण पुढे बसतो, एक मागे कोंबला जातो.

वर्ध्याला स्टेशनवर ते उतरतात, साठ रुपये देतात. भाऊ नोटा न मोजता वहिनींच्या हातात ठेवतात. समोरची बेकरी अजून उघडी आहे.