टक्क्यांच्या पलीकडे

"मॅडम, टक्के किती आले?" पीएच.डी. करणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी घोटीची. नाशिकच्या एका संशोधन केंद्रात ग्रंथपाल आहे आणि प्रबंधांची साम्य तपासणी माझ्याकडे असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर सादर करता येत नाही, त्याहून वर नोंदणीच रद्द. सॉफ्टवेअर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून 'शोधशुद्धी' योजनेतून मिळतं.

आमच्या इगतपुरी तालुक्यातल्या भातशेतीवरचा एक प्रबंध माझ्याकडे आला होता. तालुक्याच्या वर्णनाची पानं अहवालात रंगलेली, संदर्भसूचीही रंगलेली. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं नियमानुसार वगळायची असतात. ती वगळल्यावर आकडा बराच उतरला. मला खटकलं ते कोरं राहिलेलं प्रकरण. वाक्यं अवघडलेली, घोटीच्या शेतकऱ्याच्या तोंडी कधीच येणार नाहीत अशी. एका इंग्रजी लेखाचा तो सरळ अनुवाद होता, लेखकाचं नाव न देता. सॉफ्टवेअर मुख्यतः शब्दाला शब्द जुळवतं, त्यामुळे भाषा बदलून केलेली उचल सहसा त्याच्या हाती लागत नाही. मूळ लेख शेजारी ठेवून मी त्या संशोधकासोबत बसले. अनुवादालाही श्रेय द्यावं लागतं, हे त्याला एम.ए.पर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

अशा बैठकीला वेळ लागतो, विषयाची जाण लागते आणि माणूस न दुखावता बोलावं लागतं. नियमांतल्या विभागीय समितीत विभागप्रमुख, बाहेरच्या विभागातले ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणीच्या साधनांचा जाणकार असे तिघं असतात. या जाणकारासाठी वेगळं पद मात्र नाही. पुस्तकांची देवघेव आणि नॅक मूल्यांकनाच्या फायली सांभाळून ते काम बहुधा ग्रंथपालच करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत शैक्षणिक सचोटीच्या कामासाठी स्वतंत्र कार्यालय आहे.

आपल्याकडे जाणकारांची वाण नाही. आयोगाच्या मान्य यादीसाठी विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासून त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असल्याचं २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मधून दाखवणाऱ्यांत पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि शुभदा नगरकर होते. पुढच्याच वर्षी आयोगाने पीएच.डी.साठी संशोधन नीतिमत्तेचा ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पण पीएच.डी.पर्यंत फार उशीर झालेला असतो. घोटीचं पोर एफ.वाय.ला पहिला प्रकल्प लिहितं, तेव्हाच त्याच्या शेजारी कुणी बसायला हवं. त्यासाठी प्रत्येक संशोधन केंद्रात अध्यापकाच्या वेतनश्रेणीचं एक पूर्णवेळ पद द्या, आणि आजूबाजूच्या छोट्या कॉलेजांत जाऊन शिकवणं हा त्याच्या कामाचाच भाग असू द्या.