मुक्तिफौज

(साल्व्हेशन आर्मी). लष्करी धर्तीवर संघटित झालेले एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती चर्च व आंतरराष्ट्रीय सेवासंस्था. धर्मप्रसार व समाजसेवा ही दोन भिन्न कार्ये नसून एकाच कार्याची दोन अंगे होत, हे तिचे मूलभूत तत्त्व आहे. तिच्या यशाचे, तसेच तिच्याविषयी झालेल्या वादांचे मूळ बऱ्याच अंशी याच तत्त्वात आढळते.

स्थापना व संघटना : संस्थेचा संस्थापक विल्यम बूथ (१० एप्रिल १८२९–२० ऑगस्ट १९१२) याचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगॅम येथे झाला. गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना गरिबांची दैना त्याने जवळून पाहिली. पुढे तो मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. रूढ चर्चच्या चौकटीत आपले कार्य सामावणार नाही, हे ध्यानी आल्यावर तो स्वतंत्रपणे उपदेश करू लागला. १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीत त्याने व त्याची पत्नी कॅथरिन (१८२९–९०) हिने ‘ख्रिश्चन मिशन’ सुरू केले. त्याचेच १८७८ मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’ असे नामांतर झाले.

या चर्चचे सदस्य ‘सैनिक’, पूर्णवेळ धर्मसेवक ‘अधिकारी’ आणि सर्वोच्च प्रमुख ‘जनरल’ म्हणून ओळखले जातात. गणवेश, ध्वज व वाद्यवृंद ही त्यांची बाह्य लक्षणे होत. मद्यपान सैनिकाला वर्ज्य असते. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार मात्र येथे पाळले जात नाहीत. धर्मोपदेशाच्या कार्यात स्त्रियांना आरंभापासून पुरुषांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. याचे श्रेय मुख्यत्वे कॅथरिनकडे जाते. बूथची कन्या इव्हँजेलीन ही १९३४–३९ या काळात संस्थेची पहिली स्त्री-जनरल होती. जनरलने आपला वारस स्वतः नेमण्याची मूळ पद्धत १९२९ मध्ये मोडली व तेव्हापासून हे पद निवडणुकीने भरले जाते.

इंग्लंडमधील कार्य : मद्यविरोधी प्रचारामुळे दुखावलेल्या मद्यविक्रेत्यांच्या चिथावणीने १८८० नंतरच्या दशकात या सैनिकांच्या मिरवणुकांवर अनेक ठिकाणी हल्ले झाले. अल्पवयीन मुलींच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड याने चालविलेल्या मोहिमेत संस्थेने भाग घेतला. या मोहिमेमुळे १८८५ च्या कायद्यान्वये संमतिवय १३ वरून १६ वर्षे झाले.

उपाशी माणसाला केवळ उपदेश करून भागत नाही, या अनुभवातून बूथने १८९० मध्ये इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट हा ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनमधील भाड्याच्या गाडीच्या घोड्याला खाणे, निवारा व काम मिळते. निदान तेवढे तरी प्रत्येक माणसाला मिळावे, अशी मागणी त्यात होती. शहरात निवारा व काम, तेथून शेतीवसाहत आणि शेवटी परदेशी वसाहत अशी त्रिस्तरीय योजना त्याने मांडली. त्यांपैकी एसेक्स परगण्यातील हॅडली येथील शेतीवसाहत १८९१ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये आगकाड्यांचा कारखाना निघाला. त्या काळी आगकाड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसाच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याचे हाड सडे. या कारखान्यात निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरीत व मजुरीही इतरांपेक्षा अधिक देत. परिणामी काड्या महाग पडत आणि सुमारे दहा वर्षांनी कारखाना बंद पडला. तथापि या प्रश्नाकडे जनतेचे लक्ष वेधले गेले. पांढऱ्या फॉस्फरसाच्या वापरावर ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने बंदी आली.

शास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली याने या योजनेवर कठोर टीका केली. एका व्यक्तीच्या हाती निरंकुश सत्ता देणारी संघटना, तिचे हेतू कितीही चांगले असले, तरी समाजाला घातक ठरू शकते, असा त्याचा आक्षेप होता. निधीच्या विनियोगाची १८९२ मध्ये स्वतंत्र समितीकडून चौकशी झाली व त्यात गैरव्यवहार आढळला नाही. हक्स्लीचा मूळ प्रश्न मात्र हिशेबाचा नव्हता. तो सत्तेचा होता.

भारतातील कार्य : संस्थेची पहिली तुकडी १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईत उतरली. तिचा प्रमुख फ्रेडरिक टकर (१८५३–१९२९) याचा जन्म मुंगेर येथे झाला होता. संस्थेत येण्यासाठी त्याने भारतीय सनदी सेवेतील नोकरीचा राजीनामा दिला. मिरवणुका काढल्याबद्दल मुंबईत त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना अटक होऊन शिक्षा झाल्या. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी या कारवाईचा निषेध केला. टकर व त्याच्या सहकाऱ्यांनी भगवी वस्त्रे, अनवाणी चालणे व साधा आहार स्वीकारला. टकरने ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले. बूथची कन्या एमा हिच्याशी विवाह झाल्यावर तो बूथ-टकर म्हणून ओळखला जाऊ लागला. गुजरात, त्रावणकोर व आंध्र भागांतील दलित व भूमिहीन समाजांत संस्थेचा विशेष प्रसार झाला. नागरकोइल येथील कॅथरिन बूथ, आणंद येथील एमरी व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील इव्हँजेलीन बूथ ही तिची प्रमुख रुग्णालये होत. यांपैकी शेवटच्या रुग्णालयात २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत अनेक रुग्णांवर उपचार झाले.

संस्थेचे सर्वांत वादग्रस्त कार्य तथाकथित गुन्हेगार जमातींसंबंधीचे आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. गोरखपूर येथे १९०८ मध्ये डोम जमातीची वसाहत सरकारने मुक्तिफौजेकडे सोपविली. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर अशा वसाहती वाढल्या. येरुकुल जमातीसाठी वसविलेले आंध्र प्रदेशातील स्टुअर्टपुरम ही त्यांपैकी एक प्रसिद्ध वसाहत. तेथे शेती, विणकाम व शिक्षण यांची सोय होती. गुन्हेगारी हा प्रेमाने व उद्योगाने बरा होणारा रोग आहे, अशी बूथ-टकरची श्रद्धा होती. परंतु वसाहतीतील लोक तेथे स्वेच्छेने आलेले नव्हते. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे आणि मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याचीही कायद्यात तरतूद होती. सेवक येथे शासनाचा पहारेकरीही झाला. हा कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु त्यांच्यावरील कलंक सहजासहजी पुसला गेला नाही.

इतर देशांतील कार्य : याउलट उदाहरण फ्रेंच गियानातील काळ्या पाण्याचे आहे. तेथे आठ वर्षांहून कमी शिक्षा भोगलेल्या कैद्याला सुटकेनंतर तितकीच वर्षे, तर त्याहून अधिक शिक्षा झालेल्याला आजन्म तेथेच राहावे लागे. संस्थेचा अधिकारी शार्ल पेआं याने १९२८ मध्ये ही स्थिती पाहून फ्रान्समध्ये लोकमत जागृत केले. १९३३ पासून संस्थेने सुटलेल्या कैद्यांना काम व निवारा दिला. १९३८ मध्ये फ्रान्सने नव्या कैद्यांची रवानगी थांबविली आणि उरलेल्यांना मायदेशी पोचविण्याचे काम १९५३ पर्यंत चालले. येथे संस्थेने अन्यायी व्यवस्था चालविण्यास हात न लावता ती मोडण्यास मदत केली. अलीकडच्या काळात झँबियातील चिकनकाटा येथील तिच्या रुग्णालयाने एड्सच्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत १९८७ पासून रूढ केली. आफ्रिकेत इतरत्रही तिचे अनुकरण झाले.

मूल्यमापन : आज मुक्तिफौजेचे कार्य १३० हून अधिक देशांत चालते. बेघरांसाठी निवारे, व्यसनमुक्तिकेंद्रे, हरवलेल्या व्यक्तींचा शोध व आपत्तिनिवारण ही तिची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. ऑस्ट्रेलियातील तिच्या बालगृहांत पूर्वी मुलांवर झालेले अत्याचार २०१३ नंतर शाही आयोगाच्या चौकशीत उघडकीस आले आणि संस्थेने जाहीर माफी मागितली. ज्यांच्यासाठी सेवा करावयाची, ते सेवा नाकारण्यास वा तिच्याविरुद्ध तक्रार करण्यास कितपत मोकळे आहेत, यावर सेवेचे मोल ठरते, हे या संस्थेच्या दीर्घ इतिहासातून स्पष्ट होते.