‘कळ’ वेगळी, ‘ठणका’ वेगळा

मी कॉलेजात मराठी शिकवतो. शब्दांच्या छटा मुलांना समजावून सांगणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतला फरक मला पंचेचाळिशी जवळ आल्यावर, आणि तोही घरात, शिकावा लागला. शिकवणारी आमची सौ.

सौ. रत्नागिरीतल्याच एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात केमिस्ट होती. हापूसचा हंगाम म्हणजे दीड-दोन महिन्यांची लढाईच. त्या दिवसांत ती घरी येई तेव्हा तिच्या केसांनासुद्धा रसाचा वास येत असे. 2022 च्या मे महिन्यात, हंगाम अगदी संपत आला असताना, थप्पीवरून घसरणारे एक खोके सावरायला ती पुढे झाली आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. खोक्यात रसाचे सहा डबे, एकेक तीन किलोंहून जड. डबे शाबूत राहिले, कंबर गेली.

पहिले तीन महिने सगळ्यांनीच विचारपूस केली. शेजारच्या काकू निर्गुडीचा पाला घेऊन आल्या, कॉलेजातले सहकारी फळे घेऊन आले. एक्स-रे झाला, एम.आर.आय. झाला. दोन्हींत सांगण्यासारखे काही निघाले नाही. मला कोण आनंद झाला! एका संध्याकाळी ती कंबर धरून खुर्चीतून उठत असताना मी म्हणालो, ‘‘अगं, रिपोर्टात तर काहीच नाही ना?’’

ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून ‘दुखतंय’ हा शब्दच घरातून गेला. मला वाटले, चला, उतार पडला. (शब्दांचा अर्थ लावणारे आम्ही लोक, गप्प राहण्याचा अर्थ मात्र आम्हांला लावता येत नाही.)

गणपतीत तिने नेहमीसारखे एकवीस मोदक वळले, आल्यागेल्याचे हसून केले. ‘‘वहिनी अगदी ठणठणीत दिसतात,’’ असे एक पाहुणे म्हणालेही. त्या रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली, तर अंथरुणात ही नाही. स्वयंपाकघरात गेलो. ती अंधारात गार लादीवर उताणी पडली होती आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती. ‘‘अहो, दिवा नका लावू, चिमी उठेल,’’ एवढेच ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी लादीवर बसून राहिलो. माफी मागावी असे फार वाटले, पण मागता आली नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आंबा घाटातून कोल्हापूर गाठले. त्या रस्त्याचे वर्णन मी करीत नाही; गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तिने माझे मनगट जे दाबले, त्याचे वळ दोन दिवस होते.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवले आणि अर्धा तास तिलाच बोलू दिले. मग मला म्हणाले, ‘‘तीन महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे हा वेगळा आजार समजतात. जखम भरली तरी मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवीत राहते. फोटोत घंटा दिसत नाही.’’ उलट, कंबरेच्या फोटोत दोष दिसतो आणि माणूस खुशाल हिंडतो, असेही पुष्कळ असतात म्हणे. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखते म्हणतो त्याचा मान राखावा, हेही त्यात घातले. मी खाली मान घालून ऐकत होतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या धंद्यातली निघाली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये रोनाल्ड मेलझॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. रोग्यांच्या तोंडचे शब्द जमवून त्यांनी 1975 साली वेदनेची एक प्रश्नावली छापली. शब्द अठ्ठ्याहत्तर, गट वीस. रोग्याने आपल्या दुखण्याचा शब्द निवडायचा.

घरी आल्यावर मी मोल्सवर्थचा कोश काढला आणि एक कोरी वही. सौ.ने प्रथम ‘‘आता माझ्यावर प्रबंध लिहा!’’ म्हणून टोमणा मारला, पण मग तीच सांगू लागली. वाकताना भरते ती ‘उसण’. विजेसारखी पायापर्यंत जाते ती ‘चमक’. ‘कळ’ येते आणि जाते. ‘ठणका’ जात नाही, तो ताल धरतो. ओट्याशी उभे राहून येते ती ‘रग’, ती बसल्यावर उतरते. आणि ‘सल’? ‘‘तो कंबरेत नाही,’’ ती म्हणाली, ‘‘तो तुमच्या त्या बोलण्याचा आहे.’’ मी तोही वहीत लिहिला.

त्या वहीमुळे घर बदलले. रग असेल तर उंच स्टुलावर बसून काम होते. ठणका असेल तर त्या दिवशी स्वयंपाक माझा, आणि चिमीचा चेहरा पाहण्यासारखा! पडून राहायचे नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर आधी दहा मिनिटे, मग पंधरा, असे चालणे वाढवीत नेले. चांगल्या दिवशी फार करायचे नाही, हा नियम तिला सर्वांत जड गेला.

नुकसानभरपाईचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते आठवले की माझे डोके तापते. ‘‘बाई स्वतःच्या चुकीने घसरल्या,’’ असे कारखान्याचे म्हणणे. पण 1923 च्या भरपाईच्या कायद्यात साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नसे. त्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी गेली तर 14, करंगळी गेली तर 7, असा हिशेब होता. कंबरेच्या ठणक्याला त्या कोष्टकात ओळ नव्हती. कमाईची शक्ती किती घटली ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागे. दाव्याची मुदत दोन वर्षे. आम्ही ती संपायच्या तीन महिने आधी जागे झालो. अखेर तडजोड झाली. रक्कम काही मोठी नव्हती. पण ‘कामावर असताना झालेली इजा’ ही ओळ तिने कागदावर दोनदा वाचली आणि कागद पैशांच्या नव्हे, दागिन्यांच्या डब्यात ठेवला.

परवा फराळाला सुरुवात केली. चकलीचा सोऱ्या तिने हट्टाने हातात घेतला. चार चकल्या सुरेख पडल्या. पाचवीला तिचा हात थांबला.

‘‘कोणता?’’ मी विचारले.

‘‘ठणका,’’ ती म्हणाली आणि सोऱ्या माझ्याकडे दिला. माझ्या चकल्या तुटल्या. चिमीने त्यांना ‘कडबोळी’ म्हणून वेगळ्या डब्यात भरले आहे.